पोटाचा कॅन्सर पुढे सरकलाय: आधी ऑपरेशन, आधी केमो की नुसती केमो?

रिपोर्टवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ लिहून आलं की घरात पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन कधी? मामांच्या वेळी परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला चकरा मारताना आम्हीही तेच विचारत होतो. विचारायला हवं होतं ते वेगळंच: आजार जठर आणि शेजारच्या लसिकाग्रंथींपुरता आहे, की पोटाच्या आतल्या पडद्यावर, लिव्हरवर गेलाय? ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दोन्हींना म्हणतात, आणि पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं.

ते उत्तर नुसत्या सीटी स्कॅनवर सोडू नका. पडद्यावरचे बारीक दाणे स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाहीत. म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतून आत बघतात, पोट धुऊन ते पाणी तपासायला पाठवतात. मामांचा सीटी चांगला होता. दाणे दुर्बिणीत सापडले.

आजार पसरलेला नसेल, तर निवड ‘आधी ऑपरेशन’ आणि ‘आधी केमो, मग ऑपरेशन’ यांतली. ‘गाठ आधी काढून टाका, औषधांचं मग बघू’ हे नातेवाइकांना लगेच पटतं. पण जठर काढल्यावर जेवण जात नाही, वजन उतरतं आणि पुष्कळांची नंतरची केमो अर्धवट राहते. आधी दिली, तर अंगात ताकद असते, गाठ आकसू शकते, आणि कुठे लपलेल्या पेशी असतील तर त्यांच्यावरही लगेच मारा सुरू होतो. ब्रिटनमधल्या मॅजिक चाचणीत (२००६) नुसत्या ऑपरेशननंतर पाच वर्षं जगलेले २३ टक्के होते. आधी आणि नंतर केमो मिळालेल्यांत ३६ टक्के. पुढे जर्मनीत फ्लॉट नावाची चार औषधांची केमो आली. २०१९ च्या निकालांत जुन्या केमोच्या गटात निम्मे रुग्ण ३५ महिन्यांहून अधिक जगले होते, फ्लॉटच्या गटात ५० महिन्यांहून अधिक.

जपानमध्ये आधी ऑपरेशन आणि नंतर एस-१ या गोळ्या देऊन पाच वर्षांनी ७१.७ टक्के रुग्ण हयात होते. हा आकडा ३६ च्या शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. दोन्हीकडचे रुग्ण सारखे नव्हते. माझं मत विचाराल तर रुग्ण फ्लॉट सोसण्याइतका धडधाकट असेल, तर आधी केमो. गाठीतून रक्त येणं थांबतच नसेल, तर मात्र सर्जन ऑपरेशन आधी करू शकतात.

फ्लॉटचे डोस दर दोन आठवड्यांनी, चार आधी आणि चार नंतर. कोकणातून किंवा मराठवाड्यातून येणाऱ्यांनी मुंबईत राहण्याची सोय सुरुवातीलाच बघावी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं आधार देत आलीय.

ऑपरेशन कोण करतंय, याला फार महत्त्व आहे. जठरासोबत दूरच्या ग्रंथीही काढण्याला डी२ म्हणतात. हॉलंडमधल्या चाचणीत १५ वर्षांनी या कॅन्सरने गेलेले डी२ मध्ये ३७ टक्के, कमी ग्रंथी काढलेल्यांत ४८ टक्के. पण ऑपरेशननंतर लगेचचे मृत्यू डी२ मध्ये १० टक्के होते, दुसरीकडे ४. म्हणून सर्जनला सरळ विचारा, वर्षाला अशी किती करता? पूर्ण जठर काढलं तर आयुष्यभर बी-१२ घ्यावं लागतं, आणि दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खावं लागतं.

आजार पसरलेला असेल, तर तुलना ‘जठर काढून केमो’ आणि ‘नुसती केमो’ यांची. इथे मन मानत नाही, हे मला ठाऊक आहे. ‘ऑपरेशन नाही’ ऐकल्यावर डॉक्टरांनी हात टेकले असंच आम्हाला वाटलं होतं. पण जपान, कोरिया आणि सिंगापूरच्या रेगाटा चाचणीत (२०१६) आजार जठराबाहेर एकाच ठिकाणी पसरलेले रुग्ण होते. त्यांत जठर काढून केमो घेतलेल्यांपैकी निम्मे १४.३ महिन्यांहून अधिक जगले, नुसती केमो घेतलेल्यांपैकी निम्मे १६.६ महिन्यांहून अधिक. म्हणजे एवढं सोसूनही आयुष्य वाढलं नाही. त्यापेक्षा बायोप्सीच्या तुकड्यावर हर-२ आणि पीडी-एल१ ही प्रथिनं तपासून घ्या. त्यावर केमोला जोडायची औषधं ठरतात.

गाठीमुळे अन्नाची वाट बंद झाली, तर ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, किंवा अन्नाला बाजूने वाट काढून देणारं ऑपरेशन, म्हणजे बायपास, असतो. मामांना दुर्बिणीतून स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून पेज मागितली, आणि ती पोटात राहिली.