फोल्डिंग क्लास्प : आठ महिन्यांनंतर

परवा जिना उतरताना घड्याळ मनगटावरून सुटलं. दुसऱ्या हाताने पोटाशी दाबलं म्हणून काच वाचली. पट्ट्याचा क्लास्प, म्हणजे मनगटाखाली घडी होऊन मिटणारी स्टीलची कडी, उघडला नव्हता. क्लास्पला पट्टा धरून ठेवणारा स्प्रिंग बार मोडला होता. काडीएवढा तुकडा, जाडी जेमतेम दीड मिमी. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बार वॉरंटीत नाही, अख्खा क्लास्पच बदला. अख्ख्या घड्याळात सगळ्यात स्वस्त असलेला भाग मोडला आणि हे मला सगळ्यात महाग कडी विकायला निघाले! शेवटी बारची जोडी सुटी आणली आणि घरीच बसवली.

खरं सांगायचं तर दोन महिने झाले होते तेव्हा मी याच क्लास्पची भलामण करत होतो. कारणही होतं. साध्या पिनच्या बकलात पट्टा रोज त्याच भोकापाशी वाकतो आणि चामडं आधी तिथेच तडकतं. क्लास्पमध्ये माप एकदाच लावायचं, पुढे उघडझाप होते ती स्टीलची. कार्तिये या फ्रेंच घड्याळ-दागिन्यांच्या कंपनीने 1910 च्या सुमारास हा प्रकार आणला, त्यामागचं डोकं मला आजही पटतं.

पण चौथ्या महिन्यात मनगटावर वळ उठायला लागला. टाइप करायला हात टेकला की क्लास्पची कड अंगठ्याखालच्या हाडावर रुतायची. दोष मी क्लास्पलाच दिला, चारचौघांत दिला. मग एकदा पट्टीने मोजलं. पट्टा 115/75 चा, म्हणजे सहाच्या बाजूचा भाग 115 मिमी आणि बाराच्या बाजूचा 75. माझं मनगट साडेसोळा सेंटीमीटर. आखूड भागच माझ्यासाठी लांब होता, त्यामुळे क्लास्प मनगटाच्या मध्यावर न बसता अंगठ्याकडे सरकत होता. 110/70 चा पट्टा लावला आणि वळ गेला. म्हणजे वाईट बोललो ते अर्धं परत घेतो.

उरलेलं अर्धं मात्र घेणार नाही. दोन भोकांमधलं अंतर साधारण 6-7 मिमी. सकाळी नीट बसलेला पट्टा दुपारी उकाड्याने मनगट फुगलं की आवळतो. साधं बक्कल असेल तर जाता जाता एक भोक सोडता येतं. क्लास्पमध्ये त्यासाठी पट्टा पिनेतून उचकटा, सरकवा, पुन्हा दाबून बसवा. भर मीटिंगमध्ये हे कोण करणार? मेटलच्या ब्रेसलेटला बारीक अ‍ॅडजस्टमेंट देतात, मग चामड्याच्या क्लास्पनेच काय पाप केलंय?

म्हणून आता रोजच्यासाठी साधा काफ लेदर (वासराचं चामडं) आणि पिनचं बक्कल. मगरीचं चामडं दिसतं झकास, पण घामात रोज घालवत नाही. बकलाचं माप घेतानाही घोळ घातलाच: लगपाशी, म्हणजे पट्टा घड्याळाला जोडतो तिथे, 20 मिमी आहे एवढंच बघून पट्टा मागवला, तो टोकाला 18 चा निघाला आणि माझ्या 16 च्या बकलात शिरेना. तो ड्रॉवरमध्ये पडून आहे.

क्लास्पची एक गोष्ट मात्र आठवते. उघडला तरी पट्ट्याचं कडं तुटत नाही, हात घालताना घड्याळ निसटलं तरी मनगटातच अडकतं. बकलात ती सोय नाही, म्हणून हल्ली सकाळी गादीवर वाकून घड्याळ घालतो. बायको हसते. जिन्यात माझ्या मागेच होती, तेव्हा नव्हती हसली.