यूमेनोशिमाची बोट आणि ६ मेची पदयात्रा: लेकीकडे टोकियोला आलेल्या आईबाबांसाठी

आधी पैशाचं सांगते, कारण आपल्या वयाच्या माणसांचा पहिला प्रश्न तोच असतो. दोन्ही फुकट. हायड्रोजन बॉम्बची राख पडलेल्या एका बोटीच्या संग्रहालयाला तिकीट नाही, अण्वस्त्रांविरुद्धच्या शांती पदयात्रेत चालायला फी नाही. खर्च झाला तो जाण्यायेण्याचा आणि एका बेंतोचा, म्हणजे जपानी जेवणाच्या डब्याचा. तो बेंतोही मला खाता आला नाही, त्याबद्दल पुढे.

मी वर्ध्याची. सगळी नोकरी नर्सची, आता रिटायर. उन्हाळा सुरू झाला की टोकियोतल्या निशी-कासाईला लेकीकडे येते. इथे आपली माणसं इतकी की संध्याकाळी पार्कात मराठी कानावर पडतंच. पण आसाकुसा, उएनो, डिस्नी उरकलं की लेकी-सुनांना प्रश्न पडतो, आता आईला कुठे न्यायचं? उत्तर आराकावा नदीच्या पलीकडेच आहे. शिन-किबा स्टेशनला उतरायचं, दहा-पंधरा मिनिटं चालायचं, की यूमेनोशिमा पार्क.

आज तिथे गर्द झाडी आहे, पण ही जमीन टोकियोचा कचरा समुद्रात टाकून तयार झालेली. १९६७ साली त्याच कचऱ्याच्या किनाऱ्यावर एक जुनी लाकडी मासेमारी बोट भंगार म्हणून टाकून दिलेली होती. ती कोणती बोट ते लोकांना कळलं, ती वाचवायची मोहीम झाली आणि १९७६ साली तिच्यासाठी तिथेच इमारत उभी राहिली. बोटीचं नाव दाइगो फुकुर्यू मारू.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ताकद १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. ही बोट तिथून जवळपास १६० किलोमीटरवर ट्यूनासाठी गळ टाकून उभी होती. बोटीवर २३ माणसं. पहाटेच्या अंधारात पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड झाला आणि काही तासांनी आभाळातून पांढरी राख पडायला लागली. माणसं ती राख अंगावर घेत दोर ओढत राहिली. काम अर्धवट टाकून पळायचं कशाला, ते काय आहे हे सांगायला तिथे होतं कोण?

आत शिरलं की बोट एकदम अंगावर येते. तीस मीटर लांब, छतापर्यंत पोचलेली. वरची रंगरंगोटी सोडा, खाली वाका आणि तळाच्या फळ्या बघा. जोड, खिळे, लाकडाला पडलेल्या भेगा, सगळं हाताच्या अंतरावर. मी मात्र जास्त वेळ थांबले ती एका छोट्या काचेच्या कुपीसमोर. तिच्यात ती राख आहे. प्रवाळ जळून झालेली भुकटी, चिमूटभर. दवाखान्यात आम्ही गोळी कुटून पुडी बांधायचो, तेवढीच. शेजारी खलाशांना काय काय झालं ते दिलंय: केस गळणं, हिरड्यांतून रक्त, पांढऱ्या पेशी उतरणं. पेशी उतरल्या म्हणजे काय होतं हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. वायरलेसवाला आइकिची कुबोयामा, वय ४०, त्याच वर्षी २३ सप्टेंबरला गेला. ‘अणुबॉम्ब-हायड्रोजन बॉम्बचा बळी म्हणून मी शेवटचा ठरावा’ अशा अर्थाचे त्याचे शब्द बाहेर दगडावर कोरलेले आहेत.

बाहेरच बोटीचं गंजलेलं इंजिन ठेवलंय. ते पुढे दुसऱ्या बोटीत बसवलं होतं. ती बोट बुडाली आणि १९९६ साली इंजिन समुद्रातून वर काढलं. नातवाला बोटीपेक्षा हे इंजिनच आवडलं. संग्रहालय सोमवारी बंद असतं. तासाभरात बघून होतं.

आता पदयात्रा. दरवर्षी ६ मेला याच पार्कातून ती निघते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हिरोशिमाला पोचते, बॉम्ब पडला त्या ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनाआधी. सुरुवात झाली १९५८ साली, आणि तेव्हा दिशा उलटी होती, हिरोशिमाहून टोकियो. आता देशाच्या वेगवेगळ्या टोकांहून असे बरेच मार्ग हिरोशिमा-नागासाकीकडे निघतात. पूर्ण वाट चालणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. बाकी आपल्यासारखे, जमेल तेवढं चालून घरी.

लेक म्हणाली, “आई, मोर्चा आहे तो. तू टुरिस्ट व्हिसावर. कशाला?” बरोबर होतं तिचं. पण गेल्यावर दिसलं, मोर्चा कसला, बहुतेक पांढऱ्या केसांची, टोप्या घातलेली, पाठीवर सॅक लावलेली माणसं. पोलीस सोबत आहेत, पण ते ट्रॅफिक सांभाळायला. रस्त्याची डावी बाजू धरून चालायचं, सिग्नल लाल झाला की अख्खी रांग थांबणार, मध्येच तुटली तर पुढचे खोळंबणार. घोषणा संथ, सगळ्यांना म्हणता येतील अशा. ‘नो मोअर हिरोशिमा, नो मोअर नागासाकी’ तर मलाही जमलं.

तरी मला वाटतं घोषणा जरा कमी चालल्या असत्या. भोंगा बंद झाला की माणसं एकमेकांशी बोलतात, आणि चालण्यातली खरी मजा ती आहे.

रांगेत पुढे पांढऱ्या वस्त्रांवर पिवळं उपरणं घेतलेले भिक्षू होते. हातात पंख्याच्या आकाराचा चपटा ढोल. त्यांनी पहिला ठोका दिला, मंत्र सुरू केला आणि मी चालता चालता थांबलेच. अहो, हे तर आमचं! सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ आहे, ते हेच. निप्पोनझान म्योहोजी पंथाचे फुजीई गुरुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांच्यामुळे ते आश्रमाच्या प्रार्थनेत आलं. गीताई मंदिराजवळचा आमचा विश्वशांती स्तूपही त्यांच्याच पंथाचा. लहानपणापासून ऐकलेलं टोकियोच्या डांबरी रस्त्यावर, बाजूने ट्रक जात असताना ऐकणं म्हणजे काय ते वर्धेकरालाच कळेल. मी मोठ्याने म्हणायला लागले. एका भिक्षूने मागे वळून पाहिलं, हसला आणि ठोका चुकवला नाही.

माझ्या शेजारी टोकियोतल्याच सुगिनामी भागातल्या एक आजी चालत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जपानी येत नाही. लेकीने फोनवर भाषांतराचं ॲप टाकून दिलंय, त्यावर आमचं चाललं. १९५४ साली त्या शाळेत होत्या. त्या बोटीचे मासे बाजारात पोचले होते, पुढे इतरही शेकडो बोटींचे मासे फेकून द्यावे लागले, आणि घराघरांत मासा आणायचा की नाही यावर धसका बसला. मासे विकणाऱ्यांचं पोट त्यावर, खाणाऱ्यांचं जेवण त्यावर. त्यांच्या वस्तीत बायका हायड्रोजन बॉम्बवर बंदीसाठी सह्या गोळा करायला निघाल्या, त्यांत यांची आई. “आईच्या हातात वही, माझ्या हातात शाईची डबी,” असं ॲपने वाचून दाखवलं. देशभरात वर्षभराच्या आसपास ३ कोटींवर सह्या झाल्या आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमाला अणुबॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. आजी हे सगळं भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होत्या.

मग त्यांनी विचारलं, “अण्वस्त्रबंदी करारावर भारताने सही केली?” २०१७ चा तो करार, २०२१ पासून लागू आहे. मी म्हटलं, नाही केली. आणि तुम्ही? त्या म्हणाल्या, “आम्हीही नाही.” दोघी हसलो, पण मला पुढचं काही सुचेना. १९९८ च्या मेमध्ये पोखरणनंतर आमच्या वॉर्डात सिस्टरांनी पेढे वाटले होते, मीही खाल्ला होता. शेजारी चीन आणि पाकिस्तान बसलेत हे मला कळतं आणि आजही त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ॲपवर एवढं कुठे बोलणार? त्यांनी फार ताणलं नाही. खिशातून मिठाची गोळी काढून दिली, उन्हात चालताना ती चघळतात म्हणे.

गेल्या एक-दोन वर्षांत या यात्रेला वेगळी घाई आलीय, असं तिथे जाणवतं. २०२४ चं शांततेचं नोबेल बॉम्बमधून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ या संघटनेला मिळालं. आणि मार्च २०२५ अखेर सरकारी नोंदीतल्या बॉम्बपीडितांची संख्या पहिल्यांदाच लाखाच्या खाली आली, सरासरी वय ८६. सोबत चालणारी तरुण पोरं बोटावर मोजण्याइतकी.

आता सोयी. पाणी आणि थंड मुगिचा, म्हणजे भाजलेल्या सातूचा चहा, मिळाला. संडास पार्कात थांबू तिथे, स्वच्छ. थांबे पुरेसे होते, पण सावली कमी. मे महिना म्हणून टोपीशिवाय जाऊ नका. सगळं जपानीत चालतं. काय चाललंय ते विचारलं तर माणसं जीव तोडून सांगतात, पण ॲप हवंच. आणि जेवण: मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून ‘भाज्यांचा’ म्हणून बेंतो घेतला, पालेभाजीवर सुक्या माशाचे तुकडे भुरभुरलेले निघाले. शाकाहारी असाल तर घरून पोळी-भाजीचा डबा न्या. आजींनी माझा बेंतो आनंदाने घेतला, माझ्या वाट्याला त्यांचे भाताचे गोळे आले. आत आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं जपानी फळ, झकास.

मी अर्धा दिवस चालून स्टेशन गाठलं आणि घरी आले. गुडघे दुखत असतील तर तेवढंच करा, मधूनच निघालं तर कुणी वाईट मानत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर क्रम उलटा करू नका. बोट आदल्या दिवशी शांतपणे बघून घ्या आणि मग चाला. सकाळी निघायच्या गर्दीत कुपीसमोर उभं राहायला मिळत नाही, आणि कुपी पाहिली नाही तर नुसतं ऊन लागेल.

६ मे हुकली तरी बिघडत नाही. यात्रा पुढे कानागावा, शिझुओका, आइचीवरून जाते, म्हणजे योकोहामा-नागोयाच्या मंडळींना घराजवळ गाठता येईल. शिझुओकात याइझू बंदर आहे, ही बोट १४ मार्च १९५४ ला राखेसकट परतली ते. पुढच्या खेपेला जावयाला तिकडे गाडी काढायला लावणार आहे. डबा घरूनच.