रत्नागिरीतील एका नवजात अतिदक्षता विभागाचा अनुभव

पहिलेच बाळंतपण म्हणून मुलगी माहेरी आली होती. ऐन पावसाळ्यात, दिवस भरण्यापूर्वीच, तिला मुलगी झाली आणि बाळाचे वजन 1240 ग्रॅम भरले. रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात नातीला ठेवावे लागले. पेट्या, वॉर्मर आणि मॉनिटर आता बऱ्याच ठिकाणी असतात, म्हणून मी त्यांच्याविषयी लिहीत नाही. इतक्या कमी वजनाच्या बाळांना बुरशीच्या संसर्गापासून हा विभाग कसा जपतो, हे इतर पालकांना कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

दारातच अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवून कोपरापर्यंत हात धुवावे लागतात आणि सिस्टर समोर उभ्या राहून ते पाहतात. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी दोन पेट्यांच्या मध्ये थांबवून हाताला सॅनिटायझर लावायला लावलेले मी पाहिले आहे. पाचवीला बाळाच्या मनगटात काळा दोरा बांधण्याचा आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह त्यांनी गोड शब्दांत, पण ठामपणे नाकारला. (तीटही नाही, खोबरेल तेलही नाही; आजीबाई दोन दिवस रुसल्या होत्या.)

या कडकपणामागचे कारण डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावले, ही मला या विभागाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. कॅन्डिडा ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात असते. बाळाला ती कधी जन्माच्या वेळी आईकडून मिळते. मात्र कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस ही जात बहुधा हाताळणाऱ्यांच्या हातांवरून येते आणि शिरेतील नळीच्या प्लास्टिकवर थर धरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ आणि प्रतिकारशक्ती अपुरी असते. त्यात जालीम अँटिबायोटिक लांबले, की आतड्यातील नेहमीचे जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळे होते.

नातीच्या त्वचेच्या तपासणीत हीच जात आढळली, तेव्हा आमचे धाबे दणाणले. बुरशी अंगावर वस्तीला असणे आणि ती रक्तात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले आणि बुरशीविरोधी औषध लगेच सुरू केले नाही. प्रतिबंधासाठी आठवड्यातून दोनदा फ्लुकोनॅझोल देण्याची पद्धत मुख्यतः 1000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी आणि असे संसर्ग जास्त होणाऱ्या विभागांसाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू किंवा बुरशी वाढते का, हे पाहणारी चाचणी) पाठवले, प्लेटलेट वारंवार तपासल्या, अँटिबायोटिक थांबवले आणि आईचे दूध वाढवत नेऊन शिरेतील नळी शक्य तितक्या लवकर काढली. औषधाचा मारा न करता लक्ष ठेवून थांबण्याचे हे धैर्य मला महागड्या यंत्रांपेक्षा मोलाचे वाटले. नळी निघाल्यावर मुलीला बाळ उघड्या छातीशी घेऊन तासन्‌तास बसता येत असे, आणि त्यासाठी खुर्ची व आडोसा दोन्ही होते.

उणिवाही आहेत. बुरशीची जात ओळखण्यासाठी नमुने कोल्हापूरला जातात आणि आंबा घाटात दरड कोसळली, की अहवाल लांबतो. रक्ताच्या कल्चरला मुळातच काही दिवस लागत असताना ही भर जीवघेणी वाटते. विभागाबाहेरील ज्या खोलीत माता दूध काढतात, तिच्या भिंतीला ओल येऊन काळे डाग पडले होते. कोकणातील पावसात हे नवे नाही आणि ती बुरशी वेगळी, हेही खरे. तरी अशा ठिकाणी ते खपवून घेऊ नये. बिलातील हातमोजे आणि गाऊन यांच्या रकमेचा तपशील मागितल्यावरच मिळाला.

सर्वांत खटकले ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर वजन, लसी, डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीच्या तारखा होत्या, पण त्वचेवर आढळलेल्या बुरशीचा उल्लेखच नव्हता. पुढे नातीच्या तोंडात पांढरा थर दिसला, तेव्हा गावातील डॉक्टरांना ती माहिती आम्हालाच तोंडी द्यावी लागली.