मिलिटरीचा जुना जनरेटर की शोरूमचा सायलेंट?

पोल्ट्रीसाठी १० केव्हीएचा जनरेटर घ्यायचा म्हटलं की आमच्या हिंगणघाटकडे दोनच सल्ले मिळतात. कर्ज काढ आणि नवा सायलेंट, म्हणजे आवाज दाबणाऱ्या बंद पेटीतला, घे, नाहीतर नागपूरच्या भंगारवाल्याकडून मिलिटरीचा जुना उचल. मी दोन्ही वापरलेत. आधी ३ वर्षं सायलेंट, आता ४ वर्षं मिलिटरीचा.

सायलेंटचं चांगलं आधी सांगतो. आवाज खरंच कमी, आणि घरातल्या कोणीही किल्ली फिरवली की सुरू. डिझेलही कमी पितो. माझा मिलिटरीचा, कॅनच्या हिशेबाने, तासाला अर्धा लिटर तरी जास्त घेतो. शेड गावठाणाला लागून असेल तर पुढचं वाचूच नका, सायलेंट घ्या.

मी तो विकला त्याच्या पॅनलपायी, म्हणजे इंजिन चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यापायी. मे महिना, दुपारचे अडीच, शेडमध्ये ३८ दिवसांचे ३,००० पक्षी. लाइन गेली, जनरेटर लागला आणि दहाव्या मिनिटाला बंद. स्क्रीनवर लिहिलेलं, इंजिन तापलंय. पाहतो तर बाटलीत पाणी पुरेसं, रेडिएटर नेहमीइतकाच गरम. पुन्हा स्टार्ट, पुन्हा बंद. गावातला मिस्त्री आला, झाकण उघडून वाकून पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, इंजिनले काई झालं नाई. हा डबाच त्याले चालू देत नाई.” डब्याला हात लावायची त्याची तयारी नव्हती, माझीही नव्हती. सेन्सरची वायर उंदराने कुरतडून बॉडीला टेकलीय, हे दुसऱ्या दिवशी आलेल्या कंपनीच्या माणसाने लॅपटॉप लावून सांगितलं. तोवर पक्षी चोची वासून भिंतीकडेला बसले होते. वजनदार होते ते आधी गेले. १४० पर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं.

याच्या उलट, अमेरिकी लष्कराच्या एमईपी-८०३ए या १० किलोवॅटच्या संचावर ‘बॅटल शॉर्ट’ नावाचं बटण असतं. ते लावलं की तापमान, ऑइलचा दाब असल्या कारणांनी संच आपोआप बंद पडत नाही. इंजिन गेलं तर गेलं, वीज चालू राहिली पाहिजे. माझ्या देशी संचावर ते बटण नाही, पण सुईचे मीटर आहेत, हाताने ओढायचा स्टॉप आहे आणि सेफ्टीची वायर कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं. आमचा मिस्त्री त्याच्यासमोर चहा पीत बसतो.

आता त्याची रडगाणी. लष्कराचा माल ऑनलाइन लिलावात ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर जातो. व्यापाऱ्याकडून आपल्याला मिळतो तोही तसाच. आधी नेमप्लेट वाचा. विमानं, रडार यांच्या कामाचे संच ४०० हर्ट्झचे असतात, ते फुकट मिळाले तरी आपल्या मोटारींना चालणार नाहीत. ५० हर्ट्झ, १५०० आरपीएम हवं. माझा संच कित्येक वर्षं गोदामात पडलेला. टाकी तळापासून धुतली, होज आणि सील सरसकट बदलले, अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाला, आत दोन दिवस बल्ब लावून सुकवलं आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावूनच पुढे गेलो. इंजिन झकास लागलं, व्होल्टेज मात्र शून्य. मला वाटलं वाइंडिंग गेलं. मिस्त्रीने एव्हीआरच्या (व्होल्टेज सांभाळणाऱ्या सर्किटच्या) वायरी सोडवल्या, फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या वाइंडिंगला, क्षणभर १२ व्होल्टची बॅटरी दाखवली आणि पुन्हा जोडून इंजिन लावलं. सुई उठली. पडून राहून आतलं चुंबकत्व उतरलं होतं, एवढंच.

खरा वैताग स्टार्टरचा. तो २४ व्होल्टचा, म्हणजे दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि एक म्हातारी झाली की दुसरीलाही घेऊन बसते. बदलायच्या तर जोडीने. हायवेवरचा ट्रकवाला इलेक्ट्रिशियन स्टार्टरचं काम करून देतो, पण रात्री गावात ट्रक कुठला, असतो तो ट्रॅक्टर, १२ व्होल्टचा. एकदा दोन घरची दारं वाजवून दोन ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणल्या होत्या. तेव्हापासून दर रविवारी अर्धा तास चालवतो, तोही सगळे पंखे लावून. नुसत्या बल्बवर फार वेळ ठेवला तर सायलेन्सरमधून काळं चिकट गळू लागतं.

हाताशी मिस्त्री नसेल तर माझं ऐकू नका. गेल्या मे महिन्यात रेडिएटर पिसांनी आणि तुसाच्या धुळीने चोंदला, सुई लाल खुणेला टेकली. लाइन येईपर्यंत मी तो तसाच चालवला, २० मिनिटं. पुढच्या आठवड्यात हेड गॅस्केट बदलावं लागलं, मिस्त्री बोलायचं ते बोलला. त्या दुपारी एकही पक्षी गेला नाही.