टू बीएचकेचं रिवायरिंग: परवानाधारक ठेकेदाराच्या कामाचा रिव्ह्यू

काम चांगलं झालंय, आणि ते कळतं वायरिंग तपासून दिलेल्या टेस्ट रिपोर्टवरून. हा कागद घरात पाऊल न टाकता नुसता सही-शिक्का मारून देणारे बरेच आहेत. पुण्यातल्या या ठेकेदाराने मात्र प्रत्येक सर्किटपुढे मेगरचं (इन्शुलेशन तपासणाऱ्या मीटरचं) रीडिंग लिहिलंय. 500 व्होल्ट डीसीवर वायर आणि अर्थमधला इन्शुलेशन रेझिस्टन्स (आवरणातून करंट गळायला होणारा विरोध) किमान 1 मेगओम हवा, असा नियम आहे. पण नव्या वायरिंगला तो त्याच्या कितीतरी पट यायला हवा. 2-3 मेगओमवर अडकला तर कुठेतरी वायर सोलली गेलीय किंवा कॉन्ड्युटमध्ये (वायरच्या पाइपमध्ये) ओल आहे, असं समजा. इथे किचनचं सर्किट असंच कमी दाखवत होतं. सुपरवायझरने सगळे बोर्ड उघडायला लावले, तेव्हा एका प्लेटच्या स्क्रूखाली चेपलेली वायर सापडली. ती बदलून पुन्हा मेगर लावला, मगच सही केली. परवान्याची खरी किंमत इथे वसूल होते.

कायद्याने कामाची साखळी ठरलेली आहे: परमिट असलेला वायरमन, त्याच्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर आणि वर परवानाधारक ठेकेदार. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला यातलं काही लागत नाही; नवीन सर्किट टाकायला लागतं. बिलावर परवाना क्रमांक होता. त्याची मुदत मात्र मागितल्यावर दाखवली.

साहित्यात काटकसर नाही. लाइटला 1.5, 16 अँपिअरच्या प्लगला 2.5, एसी आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. 2.5च्या वायरवर 20 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच). एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही, म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे लीक झाला की वीज तोडणारा स्विच) हवाच, तोही बसवलाय.

तक्रार याच आरसीसीबीची. अख्ख्या घराला एकच दिलाय, त्यामुळे गीझरचं एलिमेंट लीक झालं की सगळं घर अंधारात. दोन हवे होते, आणि दोघांचे न्यूट्रल डीबीमध्ये (घराच्या मुख्य वितरण बोर्डात) पूर्ण वेगळे. ते कुठे एकत्र झाले तर लीकेज नसतानाही ट्रिप होत राहतं, आणि मग कंटाळून कोणीतरी आरसीसीबीच बायपास करतं!

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. अर्थिंगच्या रकान्यात आकडा नाही, नुसतं ‘ठीक’. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं, पण ते बटण अर्थिंग मुळीच नसलं तरी ट्रिप करतं. सही करणाऱ्याने अर्थ टेस्टर लावून ओममध्ये रीडिंग द्यायलाच हवं.

पाचपैकी चार. काम जरूर द्या. फक्त दोन आरसीसीबी आणि अर्थिंगचं लेखी रीडिंग आधीच कोटेशनमध्ये टाकून घ्या, आणि शेवटचा हप्ता रिपोर्ट हातात आल्यावरच द्या.