729 पौंड घेतले आणि जुन्याच डिस्क परत बसवल्या

मागच्या ब्रेक डिस्कची जोडी 96 पौंड, पॅड 38, दोन रिकंडिशन्ड कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) 310, ब्रेक ऑइल 45, मजुरी 240. एकूण 729. एवढे पैसे घेऊन त्या गॅरेजवाल्याने माझ्या 1991 च्या माझदा एमएक्स-5 ला एकही नवा भाग लावला नाही. इंग्लंडमध्ये जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या मराठी मंडळींनी हे नीट वाचा, कारण हा माणूस आपल्याच लोकांत एकाच्या ओळखीने दुसऱ्याकडे पोचतोय. माझ्याकडेही तसाच आला, म्हणून तर विश्वास ठेवला.

काम निघालं होतं हे खरं. गाडी हलकी, थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मागच्या डिस्क गंजतातच. एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीत, तसा शेरा होता. गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली आणि मग फोन आला: कॅलिपर जाम आहेत, पिस्टन आत जात नाही. म्हणून तेही बदलायला मी हो म्हणालो.

अरे, या गाडीचा मागचा पिस्टन दाबून आत जातच नाही! हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये असते. पाठीमागचा बोल्ट काढायचा, आत 4 मिमीची ॲलन की घालून फिरवायची, पिस्टन मागे सरकतो. नवे पॅड घातले की डिस्कला टेकेपर्यंत आवळायचं आणि एक तृतीयांश फेरा सैल सोडायचा. तुमचा मेकॅनिक पिस्टन दाबायला क्लॅम्प घेऊन आला तर गाडी तिथून काढा.

आता ते बिल. त्यावर स्वच्छ छापलं होतं: मागील डिस्क, 251 मिमी. माझ्या 1.6 लिटर इंजिनाच्या गाडीला मागे 231 मिमीची डिस्क लागते. 251 ची डिस्क 1994 पासून आलेल्या 1.8 गाड्यांची; कॅलिपरचे ब्रॅकेट बदलल्याशिवाय ती माझ्या गाडीत बसणारच नाही. हे मला पाठ आहे. मी त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलंही. कॉम्प्युटरमध्ये कोड तसाच येतो, म्हणाला. जुने भाग मागितले, तर ते सकाळीच भंगारात गेले. कार्डचं मशीन बंद, पैसे बँकेत पाठवा. तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत घडल्या, माझ्या डोळ्यांदेखत. पण शटर अर्धं खाली आलेलं, गाडीची किल्ली त्याच्या हातात, मध्यस्थ ओळखीचा. अशा वेळी कोण भांडतं? तुम्ही मात्र चाकाच्या आऱ्यांमधून बोट घालून डिस्कची कड चाचपा. कडेला धार लागली तर डिस्क जुनी. नव्याला धार नसते.

पुढच्या एमओटीत हँडब्रेक नापास. त्याचा जोर गाडीच्या वजनाच्या किमान 16 टक्के लागतो, माझा 11 भरला. डिस्कवर तोच गंजाचा शेरा. दुसऱ्या गॅरेजमध्ये तिची जाडी मोजली तर 7.4 मिमी. नवी डिस्क 9 मिमीची असते, 8 च्या खाली ती वापरायची नसते. मधल्या भागावर चंदेरी स्प्रे मारला होता. कॅलिपर माझेच, आणि उत्तम चालणारे. खऱ्या नव्या डिस्क, पॅड आणि मजुरी मिळून 268 पौंडांत काम झालं.

आणि मग सुरू झाली खरी विटंबना. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार ऐकून घेतली आणि ती कौन्सिलच्या खात्याकडे पाठवू म्हणाली. त्या खात्याला थेट फोन करता येत नाही. खात्याने कळवलं, आम्ही एकेकट्याच्या भांडणात पडत नाही. पोलिसांनी याला फसवणूकच मानलं नाही. काम झालं की नाही हा तुमच्या दोघांतला वाद! बँकेनेही तेच ऐकवलं. ऑक्टोबर 2024 पासून फसवून ट्रान्सफर करून घेतलेले पैसे 85,000 पौंडांपर्यंत परत करायचा नियम आहे, पण 'दिवाणी वाद' त्यातून वगळलेत. म्हणजे चोराने गॅरेजची पाटी लावली की तो चोर राहत नाही? ब्रेक होते ते! गाडीत माझी मुलगी बसते. 2015 चा ग्राहक हक्क कायदा आहे ना, मग तो राबवायचा कोणी?

क्रेडिट कार्डानेच पैसे द्या. 100 पौंडांच्या वरच्या वस्तूला किंवा कामाला 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम 75 लागू होतं, बँकेला अंग काढून घेता येत नाही. जुने भाग परत हवेत हे गाडी सोडतानाच लेखी द्या.

मी 70 पौंड फी भरून छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात गेलोय. त्याने उत्तरात लिहिलंय की डिस्क त्याने नव्याच बसवल्या होत्या, नंतर मीच जुन्या लावल्या. ठीक आहे. बिल माझ्याकडे आहे. 251 ची डिस्क त्याने या गाडीत बसवून दाखवावी, एवढंच मी कोर्टाला सांगणार आहे.