वन बीएचकेसाठी रबरी ट्यूबचा सेट: घ्या, पण आधी घरातली दारं बघा

हा रिव्ह्यू व्यायामाला ओढायच्या त्या रंगीत रबरी ट्यूबच्या सेटचा, रेझिस्टन्स बँड म्हणतात बघा तो. पाच ट्यूब, दोन हँडल, पायाला बांधायचे दोन पट्टे, दारात अडकवायचा एक पट्टा आणि सगळं कोंबायला एक पातळ पिशवी. ब्रँड सांगत बसत नाही, असाच सेट कितीतरी नावांनी मिळतोय, मला हजाराच्या आत पडला. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून वापरतेय आणि मला पसंत आहे, पण काही गोष्टी डब्यावर लिहिलेल्या नसतात त्या सांगते.

आमचा फ्लॅट टिळकवाडीत, तिसरा मजला, हॉलमध्ये दिवाण आणि टीव्हीचं कपाट आणि पोराची सायकल (खाली ठेवली की गंजते म्हणून वर) एवढं मांडून झालं की एक मॅट पसरण्यापुरती फरशी उरते. जून ते सप्टेंबर बेळगावात पाऊस कसा असतोय ते तुम्हाला काय सांगायचं, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी चालायला जायचं तर एक हात छत्रीतच जातोय. जिम आहेत की गल्लोगल्ली, पण ऑफिस, डबे, पोराचा क्लास ह्यात तिथं जाऊन येण्यातच तास जातोय. म्हणून यूट्यूबवर बघून उड्या मारायचे व्यायाम सुरू केलेले, तर खालच्या मजल्यावरच्या अज्जी वर आल्या, "एन सप्पळ री अदु?" (कसला आवाज हो तो?) भांडायला नव्हे हां, सहज विचारायला, चहा पण घेऊन गेल्या. पण उड्या त्या दिवसापासून बंद. छोट्या फ्लॅटमध्ये जागेपेक्षा आवाजाचाच प्रश्न मोठा असतोय, हे कोण सांगत नाही.

आता बिनआवाजाचं काय काय होतंय? दंड होतात, बैठका होतात, प्लँक, सूर्यनमस्कार, सगळं त्या मॅटवर मावतंय. पण नीट बघितलं तर ह्यात सगळीकडं ढकलायचं काम आहे, जमिनीला ढकल नाहीतर स्वतःला वर ढकल. ओढायचं काम जवळजवळ नाहीच. आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर पुढं वाकून बसणाऱ्याला तर तेच जास्त पाहिजे असतं, पाठ आणि खांद्याचा मागचा भाग. तालमीत त्यासाठी दोर असायचा, मल्लखांब असायचा. शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात आड होता, आज्जी रोज पाणी शेंदायची, तिला कोण "आज बॅक डे" म्हणून सांगायला लागलं नाही. फ्लॅटमध्ये ओढायला काय आहे? पडदे.

चौकटीत बसवायचा पुलअप बार मिळतोय, पण एक तर मला एक पण पुलअप येत नाही, आणि भाड्याच्या घरात चौकटीला स्क्रू मारायचा तर मालकाला विचारत बसा. मिस्टरांचं वेगळंच, त्यांच्या काकांची व्यायामाला फिरवायची लाकडी जोडी अजून गावाकडं आहे ती आणूया म्हणत होते. आणा म्हटलं, पहिला नंबर ट्यूबलाइटचा, दुसरा पंख्याचा.

तर ह्या सेटमधला माझ्या मते सगळ्यात कामाचा तुकडा म्हणजे तो दाराचा पट्टा. एका टोकाला फोमचा जाड गोळा, दुसऱ्या टोकाला नायलॉनचा फास. गोळा दाराच्या पलीकडं ठेवायचा, फास अलीकडं घ्यायचा, दार बंद करायचं, फासातून ट्यूब ओवायची, झालं. पण उभं कुठल्या बाजूला राहायचं हे महत्त्वाचं. ज्या बाजूनं आपण दार ढकलून उघडतो त्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे आपण जितकं ओढू तितकं दार चौकटीत घट्ट बसतंय. उलट्या बाजूला राहिलात तर सगळा भार त्या एवढ्याशा कडीवर येतोय, आणि ती सुटली की दार तोंडावर. शक्यतो बिजागरीच्या बाजूच्या फटीत अडकवा, तिकडं दार जास्त पक्कं असतंय. बाथरूमच्या पीव्हीसी दाराला तर लावूच नका. आणि घरात माणसं असली तर आतून कडी घालायला सांगा, कारण तुम्ही इकडं ओढून धरलंय आणि तिकडून कोणी दार उघडलं की तो गोळा सुटून सरळ अंगावर येणार. आमच्याकडं नियम केलाय, हँडलला लाल टॉवेल दिसला की बेडरूममधून हाक मारायची.

फास छातीच्या उंचीला लावून दोन्ही हँडल पोटाकडं ओढायची, कोपर अंगाला चिकटून, शेवटी खांद्याची पाती जवळ आणून क्षणभर थांबायचं आणि परत जाताना सावकाश सोडायचं. हे सोडणं लई जणं धसमुसळेपणानं करतात, ट्यूब ओढते तसं ओढू देतात, मग निम्मा व्यायाम वाया. फास वर लावला की खाली ओढायचं होतंय, खाली लावला की वर. नुसती ट्यूब पायाखाली दाबून बैठका पण होतात.

ट्यूबवरच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. माझ्या सेटवर १०, २०, ३०, ४०, ५० पौंड असं छापलंय, मिळून १५०, म्हणजे ६८ किलो. ऐकायला भारी वाटतंय. पण रबराचं वजन ठरलेलं नसतं, जितकं ताणाल तितका जोर वाढतोय, सुरुवातीला काहीच नाही आणि शेवटाला जड. शिवाय पायाखाली दाबून ओढताना उंच माणसाला तीच ट्यूब जास्त ताणावी लागते. म्हणून मी आकडा बघत नाही, बारा-पंधरा वेळा ओढल्यावर शेवटचे दोन-तीन जड गेले की ती ट्यूब बरोबर. सोपं वाटायला लागलं तर एक पाऊल मागं सरका नाहीतर दुसरी ट्यूब जोडा.

आता खोड्या. लेटेक्सला, म्हणजे ह्या ट्यूबच्या रबराला, उन्हाचं आणि तेलाचं वाकडं, त्यामुळं गॅलरीत वाळत घालायची नाही आणि डोक्याला तेल लावून तेच हात लावायचे नाहीत. पावसाळ्यात ट्यूब चिकट होतात, पुसून थोडी टाल्कम पावडर लावली की बरं. ट्यूबच्या टोकाच्या हुकला ओल लागून तांबूस डाग आलेच, ते पण कोरडे पुसून ठेवा. आणि ट्यूब जिथं हुकला जोडलीय तिथं दर वेळी बोट फिरवून बघा, बारीक चीर दिसली तरी टाकून द्या, ताणलेली ट्यूब डोळ्याकडं सुटली तर गंमत नव्हे. ते हुक फरशीवर आपटले की आवाज होतोय हां, अज्जींची आठवण ठेवून मॅटवरच ठेवते.

सासूबाईंचा खांदा धरलेला, त्यांना फिजिओथेरपीच्या मॅडमनी हलक्या बँडचे दोन-तीन प्रकार दाखवलेत, तर आता सगळ्यात हलकी पिवळी ट्यूब त्यांच्या उशाशीच असते. सेट एक आणि गिऱ्हाइकं चार असं झालंय.

ह्यानं दम लागणारा व्यायाम होत नाही, ते सांगितलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा असं आहे. ट्यूब म्हणजे त्यातला दुसरा भाग. पहिल्यासाठी उघडीप मिळाली की व्हॅक्सिन डेपो, नाहीतर बिल्डिंगचा जिना. आणि ज्यांना आधीच जड वजनं उचलायची सवय आहे त्यांना पायाच्या व्यायामाला हे कमीच पडणार.

मी खडेबाजारातनं घेतला, ऑनलाइनपेक्षा शे-दीडशे जास्त गेले, पण दुकानदारानं सेट उघडून समोर ठेवला, "ताई, ओढून बघा की, काय होत नाही." हँडलची शिवण, हुकचा जोड, सगळं हाताखालून घालता आलं. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पिशवीचा, तिची चेन पहिल्याच आठवड्यात गेली, आता सगळं तांदळाच्या रिकाम्या कापडी पिशवीत असतंय.